पूजेला कायम मोकळी असणारी सून

मैत्रिणींनो, आज सकाळी घरात जे बोलले, तेच इथेही बोलते.

रविवारी आमच्याकडे सत्यनारायण आहे. प्रसादाचा शिरा कोणी करायचा, यावर चर्चा चालली होती. जाऊबाईंची तारीख नेमकी तेव्हाचीच. सासूबाई लगेच म्हणाल्या, "मग हिच्याकडे द्या. हिचं बरंय, हिला कधीच काही नसतं."

खरंय. चैत्रातलं हळदीकुंकू, वटपौर्णिमा, सगळीकडे मी हजर. नशीबवान सून!

आज मात्र मी म्हटलं, "आई, संक्रांतीपासून मला पाळीच आलेली नाही. आणि गोड बातमीही नाही, ते तपासून झालंय."

त्या म्हणाल्या, "अगं, तीळगूळ खा, ओव्याचं पाणी घे. येईल."

"तेच घेतेय इतके दिवस. आता डॉक्टरकडे जाणार."

आणि दुपारी गेलेच. माझी रात्रपाळी, अवेळचं जेवण, घटलेलं वजन, सगळं डॉक्टरीणबाईंनी नीट ऐकलं. म्हणाल्या, "तिळाचे लाडू खा खुशाल. झोप, जेवण वेळेवर आणा, तेही हवंच. पण पाळी का थांबलीय, ते लाडवाला कसं कळणार?"

उद्या सकाळी रक्ततपासणी आणि सोनोग्राफी. रात्रपाळी बदलून द्या, असा मेल आत्ताच ऑफिसला टाकलाय.

शिरा कोण करणार, ते अजून ठरलेलं नाही. पण सासूबाई उद्या माझ्याबरोबर येतायत.

तुमच्याही घरात पूजेला कायम मोकळी असणारी कुणी असेल. ती कशी आहे, हे कधी विचारलंय तिला?