आधी ब्रेक होऊ दे

दवाखान्यात कंपाउंडर प्रत्येक बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचायचे. बाटली उचलताना, औषध ओतताना आणि बाटली जागेवर ठेवताना. नोकरीच्या सगळ्या वर्षांत त्यांच्या हातून कुणाला चुकीचं औषध गेलं नाही. म्हातारे पेशंट डॉक्टरांना सोडून त्यांनाच विचारायचे, "हे जेवणाआधी घ्यायचं की नंतर?"

घरी आलं की माणूस बदलायचा. पांढरा कोट खुंटीला लागायचा, विटकी पँट चढायची, आणि कंपाउंडर जीपखाली शिरायचे.

जीप जुनी होती. चारही चाकांना ताकद देणारी, दगडधोंड्यांतून चढणारी. खाणीवरच्या एका ठेकेदाराने ती विकायला काढली आणि कंपाउंडरांनी मागचापुढचा विचार न करता घरी आणली. त्यांना मेकॅनिक व्हायचं होतं. वडिलांनी हाताला काळं लागणार नाही अशा कामाला लावलं. ते राहिलेलं काळं त्यांनी पन्नाशीनंतर लावून घेतलं.

हौस दांडगी होती, धीर तोकडा. पहिल्याच महिन्यात त्यांनी गिअरबॉक्सचं तेल बदलायला काढलं. खालचं बूच सोडून जुनं तेल बायकोच्या धुण्याच्या टबात उतरवलं. मग वरचं बूच उघडायला गेले, नवं तेल भरायला. ते गंजून बसलेलं. पाना लावला, ठोकलं, छिन्नी मारली. बुचाचे कोपरे गुळगुळीत झाले, बूच हललं नाही. रिकाम्या गिअरबॉक्सची जीप कित्येक आठवडे दारात उभी राहिली.

समोरचा टेलर मशीनवरूनच ओरडायचा, "कंपाउंडर, पेशंट कसा आहे?"

"सलाइनवर आहे," जीपखालून उत्तर यायचं.

"नातेवाइकांना बोलवून घ्या आता!"

कधी काम संपल्यावर एखादा नट उरायचा. ते सगळे खिडकीतल्या बरणीत जमा व्हायचे. बायको बरणी पुसताना म्हणायची, "कंपनीने जास्तीचे दिले असतील, नाही का हो?" तिच्या चेहऱ्यावर हसू नसायचं. म्हणूनच ते बोलणं लागायचं.

पण ब्रेकच्या कामाला तिच्यावाचून चालायचं नाही. ब्रेकच्या नळीत हवा शिरली की ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने सीटवर बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकाशी स्क्रू सैल करून हवा जाऊ द्यायची आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. तोवर पाय उचलला तर हवा परत आत. एकदा टेलरला बसवलं होतं. त्याने मध्येच पाय उचलला, आणि दोघे आठवडाभर बोलत नव्हते.

बायकोने कधीच उचलला नाही.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

"हं, सोड आता."

कंपाउंडर चाकामागून टेलरला ऐकू जाईल असं म्हणायचे, "आमच्या घरातलं माणूस एकदा धरलं की सोडत नाही."

"हो ना," ती वरून म्हणायची. "नाहीतर तुम्हाला केव्हाच सोडलं असतं."

अशीच एकदा हवा काढून झाली. ते हात पुसत उभे राहिले. ती अजून सीटवरच होती, दोन्ही हात स्टिअरिंगवर.

"अहो, मला शिकवाल का चालवायला?"

"शिकवतो की. आधी ब्रेक होऊ दे."

ब्रेक झाला. मग क्लच निघाला. क्लचनंतर मागच्या चाकातून तेल झिरपायला लागलं. ती प्रत्येक वेळी विचारायची नाही. तो तिचा स्वभाव नव्हता. उभ्या जीपमध्ये एकटीच बसून गिअर टाकून बघायची. पहिला, दुसरा, तिसरा. शेजारच्या छोट्या दांड्याचंही तिला कळलं होतं. तो मागे ओढला की गाडी चालत्या माणसापेक्षा हळू जाते, पण भिंत सोडून कशावरही चढते.

शेवटी त्यांनीच सांगितलं, येत्या रविवारी. गावाबाहेर मोकळं मैदान आहे, तिथे जाऊ.

तिने कापडी बूट आणले. पांढरे, नाडीचे, सपाट तळाचे. पेडल नीट कळावं म्हणून. रविवारी सकाळी बूट घालून, केस वर बांधून ती दारात आली. मुलगी सासरहून मुद्दाम आली होती. "आई, परीक्षेला निघाल्यासारखी दिसतेस," ती म्हणाली.

कंपाउंडरांनी जीप सुरू केली. जीप हलेना. ब्रेकचं पेडल दगडासारखं झालेलं, चारही चाकं धरलेली.

ते खाली उतरले. बॉनेट उघडून ब्रेकऑइलच्या डबीत बोट बुडवलं आणि वास घेतला. मग ओट्याखालच्या बाटल्यांकडे गेले. सिरपच्या तपकिरी बाटल्या, दवाखान्यातून आणलेल्या. एकीत ब्रेकऑइल, एकीत इंजिनऑइल. चिठ्ठी एकीवरही नव्हती. बायको कितीदा म्हणाली होती, "नावं लिहा हो त्यांवर." ते म्हणायचे, "मला माहीत आहेत."

आठवड्याच्या मध्यात, घाईत, ब्रेकच्या डबीत इंजिनऑइल पडलं होतं. ते तेल ब्रेकमधल्या रबरांना चालत नाही. आतलं प्रत्येक रबर फुगलं होतं.

"काय झालं?" बायकोने विचारलं.

"ब्रेक," ते म्हणाले.

तिने पायरीवर बसून बुटांच्या नाड्या सोडल्या.

"बाबा, गॅरेजला द्या ना आता," मुलगी म्हणाली. "दोन दिवसांचं काम असेल."

"माझी चूक आहे, मीच निस्तरणार."

ते निस्तरायला वर्ष उलटून गेलं. त्या मॉडेलची रबरं मिळेनात. मिळाली ती मापात बसेनात. एका चाकाचं झालं की दुसरं गळायचं. त्याच वर्षात बायको दाराच्या चौकटीला खांदा आपटू लागली. चहा कपाच्या बाजूला ओतू लागली. समोरून आलेली टेलरची बायको तिला दिसायची, शेजारून गेलेली दिसायची नाही.

"लक्ष कुठे असतं तुझं?" कंपाउंडर म्हणायचे. त्यांचं स्वतःचं लक्ष रबरांत होतं.

शेवटी मुलीनेच तिला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. काचबिंदू. कडेची नजर गेली होती, मधली थोडी उरली होती. गेलेली परत येत नाही, डॉक्टर म्हणाले, उरलेली थेंबांनी जपायची. गाडी वगैरे चालवत नाहीत ना या?

"नाही," ती म्हणाली.

कंपाउंडरांनी अर्ध्या गावाच्या हातात हेच थेंब ठेवले होते. आता ते रोज तिच्या डोळ्यांत घालतात. बाटलीवरची चिठ्ठी तीनदा वाचून.

ब्रेकचं काम नंतर लवकरच संपलं. शेवटची हवा काढायला ती पुन्हा सीटवर बसली. त्या कामाला डोळे लागत नाहीत.

"दाब."

"दाबलं."

"धर."

"धरलंय."

चौथ्या चाकाचा स्क्रू आवळल्यावर ते बराच वेळ तिथेच बसून राहिले.

"सोडू का?" तिने वरून विचारलं.

"सोड," ते म्हणाले. मग उठून म्हणाले, "बूट घाल. मैदानावर जाऊ."

"आता कशाला?"

"चल तर."

मैदान रिकामं होतं. त्यांनी छोटा दांडा मागे ओढून दिला, पहिला गिअर टाकून दिला, आणि खाली उतरले. तिने क्लच सोडला. कुठे चुकली नाही. जीप गुरगुरत निघाली, सावकाश. कंपाउंडर तिच्या दाराला लागून चालत होते. तिची मान ताठ होती, नजर नाकासमोर. ओठ मिटलेले, पण मिटलेल्या ओठांतूनही हसू कळत होतं. हे हसू त्या रविवारी बघायचं होतं, त्यांच्या मनात आलं. त्याच्याही आधी. पहिल्यांदा विचारलं तेव्हाच.

थोडं अंतर गेल्यावर तिचं हसू गेलं.

"अहो," ती इंजिनाच्या आवाजावर मोठ्याने म्हणाली. "कुठे गेलात?"

त्यांचा हात तिच्या दारावर होता.

"इथेच आहे," ते म्हणाले. "शेजारी."

तिने मान पूर्ण वळवली, तेव्हा ते तिला सापडले. मग तिने ब्रेक दाबला. जीप जागच्या जागी थांबली, इंजिन बंद पडलं.

"छान लागतो की ब्रेक," ती म्हणाली.

तिचा पाय पेडलवरच होता. सोड म्हणायचं त्यांच्या लक्षातच आलं नाही.