फेअर वही

परवा रक्त तपासायला गेले, स्पिरिटचा वास आला आणि जुना राग जसाच्या तसा वर आला. नव्वदच्या दशकात, दहावीत असताना, बारामतीच्या शाळेत आम्ही चार मुलींनी विज्ञान प्रदर्शनासाठी ऊस उचलणारा यांत्रिक हात केला होता; दवाखान्यातून मागून आणलेल्या सिरिंजा स्पिरिटनं पुसायच्या आणि पाणी भरून सलाईनच्या नळ्यांनी जोडायच्या; दट्ट्या दाबला की हात हलायचा. हात रोज बिघडायचा. माझं अक्षर बरं, म्हणून नोंदी माझ्याकडं: कुठली नळी गळली, कुठं हवा शिरली, मग काय बदललं. ग्रीसच्या बोटांनीच लिहायचे. प्रदर्शनासाठी इंदापूरला जायच्या आदल्या दिवशी आमच्या सरांनी वही उघडून तोंड वाकडं केलं. “ही खाडाखोड परीक्षकांपुढं ठेवणार व्हय? फेअर करून आण. चुका गाळ सगळ्या.” खाकी कव्हर घालून, लाल समास आखून मी नवी वही केली. इंदापुरात हातानं ऊस अलगद उचलला. परीक्षकांनी वही चाळून विचारलं, “एकदाही चुकला न्हाईत?” मी गळक्या नळ्या घडाघडा सांगायला लागले, तर म्हणाले, “बोलू नको, लिहिलेलं दाखव.” ते जुन्या वहीत होतं, घरी, बारामतीला. “मोठ्या माणसानं करून दिलेलं दिसतंय,” असं म्हणून ते पुढच्या टेबलाकडं गेले. शेजारी उभे असलेले सर छताकडं बघत राहिले. परतताना एसटीत मात्र म्हणाले, “अक्षर लई छान आलं होतं हां तुझं.” अजूनही कुणी माझ्या अक्षराचं कौतुक केलं, की मी पेन खाली ठेवते.