शनिवारचं ऑफिस

शनिवारी दुपारी पावणेचारला वैजू केस विंचरायची. गाऊन बदलून कुर्ता घालायची, ओढणीला पिन लावायची आणि शेवटी दारामागच्या खिळ्यावरचं आयकार्ड गळ्यात अडकवायची. ते आयकार्ड कुठल्यातरी जाहिरातीच्या शूटिंगमधून तिच्याकडे राहिलं होतं. त्यावर भलत्याच बाईचा फोटो होता. मग ती ओट्याशी स्टूल घेऊन बसायची, फोन पिठाच्या डब्याला टेकवून स्पीकरवर टाकायची आणि बरोबर चारला कुडाळजवळच्या आपल्या गावी बाबांना लावायची. व्हिडिओ कॉल नाही, साधा फोन.

मी पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा विचारलं होतं की त्यांना काहीच दिसणार नाही, तर हा नट्टापट्टा कशाला? ती म्हणाली, "आयकार्ड नसला की आवाज बेकारासारखो येता."

अंधेरी पूर्वेला चकाल्याच्या मागे आमची एक खोली आणि स्वयंपाकघर होतं. वैजू अभिनेत्री व्हायला आलेली, मी लेखिका. बाबांना मात्र तिने सांगितलं होतं की ती एका विमा कंपनीच्या ऑफिसात आहे. शनिवारी हाफ डे असतो, म्हणून फोन चारचा.

या खोटेपणामागे कारण होतं. तिच्या बाबांनी दशावतारी मंडळीत वीस वर्षं बायकांच्या भूमिका केल्या होत्या. राणी म्हणून उभे राहिले की प्रेक्षकांतल्या म्हाताऱ्या डोळे पुसायच्या, असं वैजू सांगायची. पण त्या वीस वर्षांत घरात काय शिजत होतं आणि किती वेळा शिजत नव्हतं, हेही ती सांगायची. बायको गेल्यावर त्यांनी रंगांचा आणि साड्यांचा पेटारा बंद केला. मुलगी मुंबईला निघाली तेव्हा त्यांनी एवढंच मागितलं, "कायव कर, पण तोंडाक रंग लावू नको."

तिने रंग लावला. खरं तर लावायला मिळालाच नाही. वर्सोव्याकडच्या कास्टिंग ऑफिसांबाहेर ती उन्हात उभी राहायची. दारावरचा पोरगेला माणूस एकदा वर बघायचा, एकदा खाली बघायचा आणि "नॉट फिट" म्हणून पुढच्या मुलीकडे वळायचा. वैजूने तो शब्द घरी आणला. भाजीवाल्याच्या टोपलीतलं वांगं उचलून, एक डोळा बारीक करून ती म्हणायची, "नॉट फिट." भाजीवाला हसायचा आणि दोन मिरच्या जास्त टाकायचा. त्या दोन मिरच्या तिच्या अभिनयाचं त्या वर्षातलं सगळं मानधन.

पण शनिवारी ती कमाल करायची. त्या विमा कंपनीत तिने माणसं भरली होती. एक कर्णिकसाहेब होते. त्यांना मधुमेह होता, आणि ते स्टेपलरच्या पिनांच्या डबीत चिक्कीचे तुकडे लपवून ठेवायचे. एक डिसोझा मॅडम होत्या, गोराईच्या. त्यांची रोज बोट चुकायची आणि रोज त्या बोटीवाल्याचं नवं पाप सांगायच्या. वैजू ही माणसं आठवड्याला थोडी थोडी पुढे न्यायची. चिक्की पकडली गेली, ती पावसाळ्याच्या आधी. मॅडमनी बोटीवाल्याशी अबोला धरला, तो गणपतीपर्यंत टिकला. पलीकडे बाबा हुंकार द्यायचे, मध्येच हसायचे. पुढच्या शनिवारी पहिला प्रश्न त्यांचाच असायचा, की कर्णिकांची साखर किती आली?

एकदा बोरिवलीला येणाऱ्या खाजगी बसबरोबर गावाहून पिशवी आली. आत दोन पुड्या, त्यांवर खडूसारख्या जाड अक्षरांत नावं. कुळथाचं पीठ कर्णिकसाहेबांसाठी, मधुमेहाला चांगलं म्हणून. काजूगर डिसोझा मॅडमसाठी. वैजूने दोन्ही नावं मोठ्याने वाचली. मग तिने कढई चढवली आणि कुळथाची पिठी केली. पानावर बसताना मला म्हणाली, "नीट चव घे गो, लीडर. कर्णिकांका कसा लागला ता माका शनिवारी सांगूचा आसा." त्यानंतर दर दोन महिन्यांनी पिशवी यायची. कर्णिकांची साखर उतरत गेली. मी वाढून घेत गेले.

लीडर म्हणजे मी. तिने ठेवलेलं नाव. मी विक्रोळीची. पप्पा कारखान्यात होते आणि युनियनचं काम करायचे. जयंती, संप, पाण्याचा प्रश्न, कशाचंही पत्रक आमच्याच घरी लिहिलं जायचं आणि घड्या घालायचं काम माझं. मी अक्षरं पत्रकांवर शिकले. पप्पांचा एक नियम होता, खाली नाव नसलेलं पत्रक वाटायचं नाही. जो लिहितो त्याने जबाबदारी घ्यायची आणि ज्याने राबून काम केलं त्याचं नाव आलंच पाहिजे. हा नियम मी मुंबईभर लोकांना ऐकवत फिरले आहे.

वैजूलाही ऐकवायचे. अभिनय हेही श्रम आहेत, श्रमाची लाज बाळगणं ही गुलामी आहे, सत्य सांगितल्याशिवाय माणूस मुक्त होत नाही. मी बोलायला लागले की ती भांडी घासता घासता मान वळवून बघायची आणि म्हणायची, "असा कोण बोलता गो?" हे तिचं ठेवणीतलं वाक्य होतं. माझ्या प्रत्येक लिखाणाला तिने हीच एक कसोटी लावली. मी रागवायचे, पण ती झोपली की उठून वाक्य बदलायचे. आज माझ्या संवादांना लोक जिवंत म्हणतात. ते जिवंत कोणी केले हे मला माहीत आहे.

लाजेबद्दलही तिने एकदा सरळ सांगितलं होतं. "लाज नाय गो. बाबांका भीती वाटता. मी उपाशी आसय असा त्येंका वाटला तर ते जेवचे नाय." मला तेव्हा ते उत्तर पळपुटं वाटलं.

मग मला मालिकेचं काम मिळालं. गावाहून शहरात येऊन एकटी राहणारी, अभिनेत्री व्हायला धडपडणारी मुलगी आणि तिची फजिती, अशी विनोदी मालिका. मोबाइलवरच्या एका अ‍ॅपवर दर शुक्रवारी यायची. मी वैजूला विचारलं की तुझं काही घेऊ का? ती खूश झाली. नॉट फिट घे, वांगं घे, घरमालकिणीने गॅस तपासायला येऊन फ्रिज उघडला ते घे. ती मुलगी मीच आहे, तर मला त्या कामासाठी बघायला सांग, असंही म्हणाली. मी सांगितलं. तिला बोलावलं, बघितलं आणि दुसऱ्या मुलीला घेतलं. वैजू घरी येऊन आरशासमोर उभी राहिली, "मीच माका नॉट फिट," म्हणाली आणि पोट धरून हसली. मी तेव्हा हसायला नको होतं.

तरी तिने दिलेलं परत मागितलं नाही. एकच अट घातली. "शनिवार सोड. तो माझो नाय, बाबांचो आसा."

मी शब्द दिला.

आठव्या भागाशी गाडी अडली. आमचा मुख्य लेखक टेबलावर पेन आपटत म्हणाला, या मुलीच्या आयुष्यात खोटं काय आहे? खोटं सापडल्याशिवाय विनोद उभा राहत नाही. खोलीत पाच जण बसलो होतो, कोणाकडे काही नव्हतं, आणि माझ्याकडे होतं. मी सांगितलं. कर्णिकांचे प्रधान केले, गोराईचं मढ केलं. पिनांची डबी तशीच ठेवली, बोट तशीच ठेवली, कुळथाचं पीठही ठेवलं. सगळे खुर्चीत मागे रेलून हसले. मुख्य लेखकाने माझ्या पाठीवर थाप मारली.

मी दबावाखाली केलं असं म्हणणं सोपं आहे. पण अंधेरी स्टेशनहून चालत घरी येताना माझ्या मनात मुळीच अपराधीपणा नव्हता. मी स्वतःला सांगत होते की खोटं उघडं पाडणं हे लेखकाचं कामच आहे, आणि यातून वैजू एक दिवस मोकळीच होईल. ज्या शब्दांनी मी मालकांना झोडपत आले त्याच शब्दांनी मी स्वतःची चोरी झाकली. शब्द तेच होते, म्हणून मला फरक कळला नाही. वैजूला मी काही सांगितलं नाही. तिच्या फोनवर ते अ‍ॅप नव्हतं.

भाग शुक्रवारी आला. शनिवारी चारला तिने नेहमीसारखा फोन लावला. मी खाली बसून मेथी निवडत होते. तिने डिसोझा मॅडमची बोट सुरू केली. पलीकडून हुंकार आला नाही. ती थांबली, तेव्हा बाबांचा आवाज आला.

"वैजू, काल मी कर्णिकांका बघितलंय. बाजूच्या पोराच्या मोबायलात. नाव येगळा होता. पण डबी तीच."

माझ्या हातातली काडी हातातच राहिली.

"म्हणजे ते नाय?"

"नाय, बाबा."

"डिसोझा बाय?"

"ती पण नाय."

मागे त्यांच्या अंगणात कोणीतरी कोंबड्यांना हाकलत होतं ते ऐकू येत होतं.

"मगे कुळथाचा पीठ कोणी खाल्ल्यान?"

"आम्ही खाल्ला. मी आणि लीडरान."

"बरा झाला. फुकट गेला नाय." मग ते खाकरले. "ती माणसां तू केलंस?"

"होय."

"शेवटाक नावां येतत, त्येच्यात तुझा खंय आसा? मी दोनदा बघितलंय."

वैजूने तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझं नाव घेईल. घ्यायलाच हवं होतं. ती फोनकडे वळली आणि म्हणाली, "फुडच्या भागात येतला, बाबा."

त्या शनिवारचं खोटं तिने माझ्यासाठी सांगितलं.

फोन ठेवून तिने आयकार्ड काढलं आणि खिळ्याला अडकवलं. मी बोलायला तोंड उघडलं, तर ती मेथी माझ्यापुढून ओढून स्वतः निवडायला बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. पुढच्या शनिवारी तिने फोन लावला, गाऊनवरच. जेवलंस, जेवलंय, पाऊस आसा, नाय, आणि संपलं. बाबा रागावले नव्हते. रंग लावण्यावरूनही ते एक शब्द बोलले नाहीत. दोघांपाशी सांगायला आणि विचारायला काही उरलं नव्हतं, इतकंच. तीन वर्षं मुंबईत ती जे एकमेव काम दर शनिवारी मन लावून करत होती ते मी बंद पाडलं होतं.

मी निर्मात्यांच्या ऑफिसात जाऊन भांडले. आवाज चढवला, पप्पांचा नियम ऐकवला. शेवटी अकराव्या भागाला 'विशेष आभार' म्हणून तिचं नाव आलं. मी धावत तिला दाखवलं. तिने पाहिलं आणि फोन परत दिला. "आभार कसले? मी दिला नव्हता."

महिन्याभरात ती मुलुंडला मावशीकडे राहायला गेली. आता तिथल्या एका रक्त तपासणीच्या लॅबमध्ये पावत्या करते. ऑडिशन सोडल्या.

गेल्या महिन्यात मी तिला भेटायला गेले. आदल्या दिवशी तीन पानी माफीपत्र लिहिलं होतं. लॅबच्या पायऱ्यांवर ती जेवणाच्या सुट्टीत उभी होती, गळ्यात आयकार्ड, त्यावर तिचाच फोटो. तिने पत्र उघडलं. 'सर्जनशील श्रमाच्या अपहरणाची नैतिक जबाबदारी स्वीकारताना' अशी काहीतरी सुरुवात होती. चौथ्या ओळीला ती थांबली.

"असा कोण बोलता गो, लीडर?"

तिने पानं घडी घालून माझ्या हातात दिली. घडी व्यवस्थित होती, पत्रकाची असते तशी. मी विचारलं की तुझ्यावर लिहू का, आणि लिहिलं तर आधी तुला वाचून दाखवेन. या ऑफिसात सांगण्यासारखं काही घडत नाही, ती म्हणाली, आणि बाबा अजून एकच गोष्ट विचारतात. "लिही. पण कुळथाचा पीठ कसा लागला ता लिही. त्येंका खरा कोणी सांगूक नाय." आणि सुट्टी संपली म्हणून आत गेली.

बाबा, कुळथाचं पीठ चांगलं होतं. भाजणी खमंग होती, दळण जरा जाडसर होतं म्हणून पिठीला दाटपणा यायचा. वैजू वरून लसणीची फोडणी द्यायची. मी प्रत्येक वेळी दोनदा वाढून घेतलं, कर्णिकांच्या वाटणीचंही.

वैजू, तू सोड म्हणाली होतीस ते मी घेतलं.

सुजाता, विक्रोळी