दाराखालची फट

रेइनो कांगासने चाळीस वर्षं लोखंडाच्या खाणीत यंत्रं दुरुस्त केली. त्याच्या हाताखालून गेलेलं यंत्र पुन्हा कुरकुरत नसे, अशी त्याची ख्याती. माणसांच्या बाबतीत मात्र तो आम्हा सगळ्यांसारखाच, तोंडात मिठाची गुळणी धरलेला. मिनेसोटाच्या या उत्तर टोकाला येताना आमच्या आज्यापणज्यांनी फिनलंडहून दोन गोष्टी आणल्या, वाफेच्या अंघोळीची खोली आणि गप्प बसणं. त्यांतली दुसरी आम्ही जास्त जपली.

निवृत्त झाल्यावर रेइनोने आपलं बस्तान गॅरेजात हलवलं. गाडी अंगणात बर्फाखाली आणि हा माणूस आत, असा प्रकार. आत लोखंडी पिंप कापून केलेली शेगडी, कामाचं टेबल, दोन खुर्च्या आणि नातीसाठी बांधायला घेतलेली होडी. हिवाळ्यात तो सकाळी साडेसहाला शेगडी पेटवायचा आणि तिच्यावर कॉफीचं भांडं ठेवायचा. सात वाजता बाजूच्या लहान दाराबाहेर बूट आपटल्याचा आवाज यायचा आणि ओन्नी सालो आत यायचा.

ओन्नी मागच्या बोळापलीकडे राहायचा. खाणीत ट्रक चालवून तोही निवृत्त झालेला, आणि बायको गेल्यापासून घरात एकटा.

"दुकान चालू आहे का?" तो विचारायचा.

"बंद असतं तर आत आला असतास का?"

"बंद दुकानातच कॉफी बरी मिळते."

एवढं झालं की दोघांचा सकाळचा शब्दांचा साठा संपायचा. मग एल्माने, म्हणजे रेइनोच्या बायकोने, भाजलेला वेलदोड्याचा गोड पाव कॉफीत बुडवून खायचा, ओन्नीने होडीची एखादी फळी धरायची, रेइनोने खिळा मारायचा. बावीस हिवाळे हे असंच चाललं. या बावीस वर्षांत रेइनोने ओन्नीला एकदाही "ये" म्हटलं नव्हतं. तशी वेळच आली नव्हती.

याचं कारण रेइनोला ठाऊक नव्हतं, कारण तो कायम आतच असायचा. गॅरेजची फरशी डाव्या कोपऱ्यात खचली होती आणि मोठ्या दाराखाली चार बोटांची फट पडली होती. आमच्याकडे डिसेंबरात सातला मिट्ट काळोख असतो. रेइनोने दिवा लावला की त्या फटीतून उजेडाची पिवळी पट्टी बोळातल्या बर्फावर पडायची. ओन्नी आपल्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ती पट्टी बघायचा आणि बूट चढवायचा. पट्टी दिसली म्हणजे रेइनो आत आहे, बोलावणं आहे. नसली म्हणजे आज नको. दुसऱ्याच्या दारावर उगाच टकटक करणं आमच्यात फार मोठा उद्धटपणा समजतात.

त्या वर्षी नोव्हेंबरातच पारा उणे तिसावर गेला. रेइनोची बोटं सांध्यांत सुजली होती, रंधा धरवत नव्हता. शेगडीशेजारी पाठ भाजायची आणि पाय गारठायचे.

"सगळी ऊब त्या दारातून बाहेर जाते," एल्मा म्हणाली. "तू गॅरेज तापवत नाहीस, बोळ तापवतोस."

"बघतो."

"बघतो बघतो करत बावीस वर्षं झाली. बोटं गळून पडली की मग बघ."

मग मात्र रेइनोने मनावर घेतलं, आणि त्याने मनावर घेतलं की त्यात खोट राहत नाही. थर्मोकोलसारख्या, पण टणक, एका बाजूला चांदीचा कागद असलेल्या पाट्या त्याने आणल्या. दार चार आडव्या भागांचं, वर सरकताना वळणारं. म्हणून प्रत्येक पाटी अर्धं बोट सैल कापली, नाहीतर वळताना फुगून बाहेर आली असती. सांध्यांवर चिकटपट्टी मारली. वरच्या काचांची ओळही पाट्यांनी झाकून टाकली. दार जड झालं तेव्हा दोन सळ्या घालून वरच्या स्प्रिंगला पीळ दिला, इतका बेताचा की दार सोडलं तरी कमरेच्या उंचीवर जागच्या जागी थांबावं. शेवटी खालच्या कडेला जाड रबरी पट्टी बसवली, आणि खचलेल्या कोपऱ्यासाठी एक खास रुंद तुकडा तासून घातला.

ओन्नी तीन दिवस पाट्या धरायला होता. "दाराला गोधडी शिवतोयस," तो म्हणाला. "टोपरंही घाल."

"तुझ्याही दाराला करून देईन."

"नको रे, माझ्या गॅरेजात कोण बसतंय."

चौथ्या दिवशी ओन्नी दाताच्या डॉक्टरकडे शहरात गेला आणि शेवटची रबरी पट्टी रेइनोने एकट्याने बसवली. दिवा लावून तो गुडघ्यांवर टेकला, फरशीला गाल लावून बघितलं. बाहेरचं काही दिसत नव्हतं. हात फिरवला, वाऱ्याची झुळूकही नाही. त्याला फार समाधान वाटलं, आणि ते मला आजही डाचतं, कारण काम खरोखरच नामी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी ओन्नी आला नाही. दात दुखत असेल, रेइनोला वाटलं. आठवडा गेला. गॅरेज इतकं उबदार झालं की कोट काढून काम करता यायचं. दुसऱ्या खुर्चीवर तो कोट टाकायला लागला.

"ओन्नी का येत नाही?" एल्माने विचारलं.

"त्याची मर्जी."

"जाऊन बघ की."

"त्याला यायचं असेल तर वाट ठाऊक आहे त्याला."

बोळ ओलांडायला वीस पावलं लागतात. पण आमच्या माणसाला वीस मैल बर्फातून चालत जा म्हणा, जाईल. शेजाऱ्याला "का रे येत नाहीस" विचारायला त्याचा पाय उचलत नाही.

जानेवारीत दोघे गावातल्या दुकानात समोरासमोर आले, माशांच्या गळांच्या फळीपाशी.

"दिसला नाहीस," रेइनो म्हणाला.

"आहे की. तूच दिसत नाहीस."

"कॉफीला ये."

"नको. दार उघडलं की तुझी ऊब जायची."

"ये रे."

"नको, तुझ्या बोटांना त्रास कशाला."

आता इथे आमची रीत सांगायला हवी. पहिलं 'नको' हे निव्वळ शिष्टाचाराचं. दुसरं 'नको' समोरच्याला मनापासून हवं आहे का, हे बघायला. तिसऱ्यांदा आग्रह झाला की मगच माणूस म्हणतो, बरं, अर्धा कप. दोनदा विचारून थांबणं म्हणजे न विचारल्यातच जमा. हे रेइनोला आईच्या दुधाबरोबर मिळालेलं ज्ञान. पण त्या दिवशी त्याचं बिनसलं. बावीस वर्षं ज्याला एकदाही बोलवावं लागलं नाही, त्याला आता तीनदा काय म्हणून विचारायचं? याच्या दाराचं काम केलं नाही म्हणून रुसलाय, दुसरं काय, असं त्याने ठरवून टाकलं.

"बरं तर," तो म्हणाला.

"बरं तर," ओन्नी म्हणाला, आणि गळाची एक पुडी उचलून उगाच उलटसुलट बघत राहिला.

फेब्रुवारीत ओन्नी स्वयंपाकघरात पडला आणि त्याचं खुब्याचं हाड मोडलं. रेइनोला हे कळलं तोवर ओन्नीच्या मुलीने, मार्लिसने, त्याला शहरातल्या इस्पितळातून परस्पर विमानाने अ‍ॅरिझोनाला, आपल्या घराजवळच्या वृद्धाश्रमात नेलं होतं. मार्चमध्ये ती एकटी परत आली, घर विकायला. बोळात सामानाचा ट्रक बघून मात्र रेइनोने ती वीस पावलं टाकली.

मार्लिस स्वयंपाकघरात खोकी बांधत होती. लहानपणी ती त्याच्या गॅरेजात सायकलचं पंक्चर काढून घ्यायला यायची.

"काका, तुमची तब्येत कशी आहे आता?"

"मला काय झालंय?"

"बाबा म्हणाले, तुम्ही गॅरेजात बसणं सोडलंत. बोटं फार दुखतात म्हणून."

"मी रोज तिथेच असतो."

तिने हातातला चिकटपट्टीचा रोल खाली ठेवला. "पण तुमच्या दाराखालचा उजेड दिसायचा बंद झाला ना. ते रोज सकाळी बघायचे. नाताळात मी इथे होते तेव्हा माझंच त्यांच्याशी भांडण झालं, घरात बूट घालून कशाला बसता म्हणून. सातपासून इथे या खुर्चीवर बसायचे, बूट बांधून, खिडकीकडे तोंड करून. म्हणायचे, उजेड दिसला तर वेळ नको जायला. आठ वाजता बूट सोडायचे."

रेइनो त्या खुर्चीवर बसला. खिडकीतून बोळ दिसत होता, आणि आपलं दार. बाहेरून त्याने ते असं कधी पाहिलंच नव्हतं.

"दुकानात मी त्याला बोलावलं होतं," तो म्हणाला.

"हो, सांगितलं त्यांनी. दोनदा विचारलंत म्हणाले."

ती हे टोचून बोलली नाही, सहज बोलली. पण आमच्यातल्या कुणाही माणसाला यापेक्षा जास्त काही ऐकवायला लागत नाही.

घरी आल्यावर रेइनोने चाकू घेतला आणि दाराच्या डाव्या कोपऱ्यातला रबराचा रुंद तुकडा कापून काढला. एवढ्या निगुतीने तासलेला. दुसऱ्या दिवशी पहाटे दिवा लावून तो बोळात जाऊन उभा राहिला. बर्फावर पिवळी पट्टी पडली होती. पलीकडे ओन्नीच्या खिडकीला आता पडदाही नव्हता.

"ऊब सगळी चालली बघ," एल्मा दारातून म्हणाली. रेइनो आत येऊन बूट झाडायला लागला. मग ती म्हणाली, "मार्लिसने नंबर दिलाय. फोन कर. आणि हवापाण्यावर बोलत बसू नकोस."

त्याने फोन केला. कुणीतरी ओन्नीला बोलावून आणेपर्यंत बराच वेळ गेला.

"कोण?"

"रेइनो."

अ‍ॅरिझोनात गरम आहे का, हे रेइनोच्या अगदी जिभेवर आलं होतं. ते त्याने गिळलं.

"कॉफीला ये," तो म्हणाला. हे तिसऱ्यांदा.

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"येतो," ओन्नी म्हणाला. मग म्हणाला, "माझे बूट त्यांनी काढून ठेवलेत रे. इथे सगळ्यांना सपाता देतात. पण येतो."