झेनच्या टाकीतलं पाणी

सुचेता बांदिवडेकरला खोटं बोलता येत नाही. बोलायला गेली की कानाच्या पाळ्या लालभडक होतात. बालवाडीत शिकवायची तेव्हा मुलंसुद्धा बाईंच्या कानांकडे बघून खरंखोटं ओळखायची. अशा बाईने भर दुपारी, नवरा वामकुक्षी घेत असताना, खाली पार्किंगमध्ये जाऊन त्याच्या गाडीच्या पेट्रोलच्या टाकीत दोन बाटल्या पाणी ओतावं, हे कोणाला खरं वाटलं असतं? कोणाच्या मनातही आलं नाही. तिथेच तर सगळा घोटाळा झाला.

गाडी म्हणजे जुनी झेन. तिचे यजमान पंढरीनाथ फोर्टमधल्या एका कंपनीत साहेबांचे ड्रायव्हर होते. निवृत्त होताना साहेबांनी हीच गाडी त्यांना देऊन टाकली, तेव्हा त्यांनी बेव्हर्ली पार्कच्या अख्ख्या सोसायटीत पेढे वाटले होते. "उभ्या जन्मात गाडीला एक ओरखडा नाही," हे वाक्य ते पाहुण्यांना पाण्याच्या ग्लासाबरोबरच द्यायचे. त्यात खोटं काही नव्हतं. पण दोन वर्षांपासून काचबिंदू त्यांची डावीकडची नजर हळूहळू खात होता. डॉक्टर काय म्हणाले ते त्यांनी घरी सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती, कारण डावीकडे वाढलेली चटणी पानात तशीच राहत होती.

मग मे महिन्यात, सुट्टीला आलेला नातू अथर्व मागच्या सीटवर असताना, डावीकडून सायकलवर आलेली एक मुलगी त्यांना दिसलीच नाही. सुचेता किंचाळली म्हणून ब्रेक लागला. "आजकाल पोरं कशीही घुसतात," पंढरीनाथ म्हणाले, पण घर येईपर्यंत त्यांनी गाडी दुसऱ्या गिअरच्या वर नेली नाही.

सरळ सांगायला हवं होतं, की अहो, तुम्हाला दिसत नाही, आता गाडी सोडा. सुचेताने स्वयंपाकघरात भाजी चिरता चिरता या वाक्याची कितीतरी वेळा तालीम केली. समोर गेली की चहा हवा का, एवढंच विचारून परत यायची. दुसऱ्यांना सुखरूप पोचवण्यातच ज्याचा जन्म गेला, त्याला हे कोणत्या तोंडाने सांगायचं? तेवढ्यात मुलीच्या, इशिताच्या दुसऱ्या बाळंतपणासाठी दोघांना नाशिकला जाऊन पावसाळाभर राहायचं ठरलं. निघायच्या आदल्या दिवशी सुचेता तेलाचं नरसाळं पदराखाली घेऊन खाली उतरली. जुनी गाडी उभ्या उभ्या सडली असं होईल, भंगारात जाईल आणि कोणाचं काही वाईट होणार नाही, असा तिचा हिशेब होता.

दिवाळीनंतर परत आले तर गाडी चालू होईना आणि खाली पेट्रोलचा वास. ओढून जवळच हाटकेशला चंदन मेकॅनिकच्या गाळ्यावर नेली. चंदनने टाकी उतरवली, स्क्रू-ड्रायव्हरने तळाला टोचलं, तर तो पत्र्यातून आरपार गेला. टाकी तिरकी केली तेव्हा गंजाच्या खपल्यांसकट लाल पाणी फरशीवर पसरलं.

"अंकल, इसमें किसीने पानी डाला है. पूरी टंकी सड गयी. वेल्डिंग करूनही टिकणार नाही, दुसरीच बसवावी लागेल."

पंढरीनाथांनी वाकून त्या पाण्याचा वास घेतला. मग म्हणाले, "पावसाळाभर चावी धर्माजीकडे होती."

सुचेताचे कान पेटले. पण तिच्याकडे कोणी बघतच नव्हतं.

धर्माजी पालीच्या कोळीवाड्यातला. सकाळी सोसायटीतल्या सगळ्या गाड्या धुवायचा, जागा बदलायची तर चालवून इकडच्या तिकडे लावायचा. "मी न्हाय केलं, भाऊ. टाकीच्या झाकनाला हात पन न्हाय लावला," तो परोपरीने सांगत राहिला. सेक्रेटरी मिनलबेननी निकाल दिला, "रविवारकी मीटिंगतक काम बंद." सुचेता तिथेच उभी होती. "नाही हो, तो नाही" एवढे चार शब्द तिला बोलता आले असते. ती बोलली नाही.

दोन दिवसांनी दाराची बेल वाजली. बाहेर धर्माजी, हातात पिशवी. दरवर्षी दिवाळीनंतर तो या दोघांसाठी सुके बोंबील आणायचा. "यंदा पन आनलेत, बाय," तो म्हणाला. पिशवी देऊनही तो हलेना. "तुमाला तरी वाटतं का, मी आसा करीन?"

तिने नुसती नकारार्थी मान हलवली. दार लावून घेतलं आणि पिशवी छातीशी धरून तशीच रडत आतल्या खोलीत गेली. पंढरीनाथ पेपर वाचत होते. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं. पाणी, नरसाळं, सायकलवरची मुलगी.

पेपर खाली आला. ते ओरडतील असं तिला वाटलं, किंबहुना त्यांनी ओरडावं असंच वाटत होतं. त्यांनी पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही.

"मला दिसत नाही हे तुला कधीपासून माहीत होतं?"

"चटणी राहायला लागली तेव्हापासून."

"तोंडाने बोलली असतीस तर बरं झालं असतं," ते म्हणाले आणि पुढे रविवारपर्यंत तिच्याशी बोलले नाहीत.

रविवारी मीटिंगमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या आणि धर्माजी खांबाला टेकून उभा होता. सगळं कबूल करायचंच असं ठरवून सुचेता उठली. "मला काही सांगायचंय," एवढंच ती म्हणाली, तोवर शेजारी पंढरीनाथ उभे राहिले.

"पाणी माझ्याकडूनच गेलं," ते म्हणाले. "रेडिएटरमध्ये घालायचं ते टाकीत घातलं. मला आता नीट दिसत नाही. डावीकडचं तर काहीच नाही. धर्माजीवर मी उगाच आळ घेतला. धर्माजी, मला माफ कर बाबा."

मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. "ये तो खुद ड्रायवर थे ना?"

"अहो, हे खरं नाही," सुचेता पुटपुटली.

"खाली बस," ते हळूच म्हणाले.

आणि ती बसली. जे वाक्य त्यांना चारचौघांत कधी उच्चारावं लागू नये म्हणून तिने एवढा उपद्व्याप केला, तेच त्यांनी तिची अब्रू राखायला उच्चारलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

धर्माजी पुढे आला. "आसू दे, भाऊ. व्हतं कंदी कंदी."

दुसऱ्या दिवशी चंदनचा फोन आला, टाकी बसली, गाडी तयार आहे. पंढरीनाथांनी धर्माजीला बरोबर घेतलं आणि गाळ्यावर पोचल्यावर चावी त्याच्या हातात दिली. स्वतः डावीकडचं दार उघडून आत बसले. सुचेता धर्माजीच्या मागे बसली. गाडी छान चालत होती.

हाटकेशच्या वळणावर एक रिक्षा अचानक आडवी आली. धर्माजीने ब्रेक मारला. त्याच क्षणी पंढरीनाथांचा उजवा पायही गाडीच्या तळावर जोरात दाबला गेला, जिथे ब्रेक नव्हता. रिक्षा निघून गेली, गाडी पुढे सरकली, तरी तो पाय तसाच दाबलेला होता. सुचेताला मागून तो दिसत होता, आणि घर येईपर्यंत तिला दुसरीकडे बघता आलं नाही.