नात्यात नसलेले मामा

मला चार मामा. तीन आईचे सख्खे भाऊ, ते यवतला असतात. चौथे आमच्या मांडवगणचे डॉक्टर. माझ्या जन्माच्या वेळी आई अडली होती आणि गाडी मिळेना, तेव्हा हे सायकलवर औषधाची पेटी अडकवून आमच्या वस्तीत आले. आई त्यांना म्हणाली, "दादा, वाचवा." त्यांनी दोघींना वाचवलं आणि हात धुताधुता म्हणाले, "दादा म्हणालीस नव्हं? मंग मी पोरीचा मामा झालो. आता माघार न्हाई."

डॉक्टर आमच्या भावकीतले नव्हते, आणि जातीचे तर नव्हतेच. आम्ही बौद्ध, ते बागायतदार घरातले. डॉक्टरनं आमच्या लोकांची नाडी बघितली तर गावाची ना नव्हती. पण हे आमच्याकडं पितळीत चहा ओतून प्यायचे, मला लुनावर पुढं बसवून स्टँडवर न्यायचे आणि कुणी विचारलं तर "भाची हाय माझी" म्हणून सांगायचे. त्यावर गावातले काहीजण कुजबुजायचे. एकानं तर तोंडावर सांगितलं होतं, "डॉक्टर, नाडी बघा, पण नाती कशाला लावताय?" मामांनी त्याला काय उत्तर दिलं ते माहीत नाही. पुढच्या तापाला तोच माणूस त्यांच्या दारात रांगेत बसला होता, एवढं मी पाहिलंय.

आठवीपासून प्रत्येक सुट्टीत मी मामांच्या दवाखान्यात असायचे. पुड्या बांधायच्या, नंबर पुकारायचे, टाके घालताना बॅटरी धरायची. पहिल्यांदा रक्त बघून मी बाकावर आडवी झाले, तर मामा म्हणाले, "झोप. उठलीस की बॅटरी धर." मला डॉक्टर व्हायचं होतं ते तिथंच ठरलं. बारावीला मार्क बरे पडले, पण इथल्या यादीत माझा नंबर थोडक्यात हुकला. आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डी.एड.चा फॉर्म आणून ठेवला. शिक्षकी वाईट नाही हो, पण मला तो फॉर्म बघितला की ताप यायचा.

तेवढ्यात शिरूरच्या कॉलेजातल्या एका सरांनी सांगितलं की युरोपातल्या एका विद्यापीठात डॉक्टरकी इंग्रजीतून शिकवतात आणि बाहेरच्या देशातल्या दोघांना फी पूर्ण माफ असते. झालं, मी हट्टाला पेटले. शिरूरला नवीनच सायबर कॅफे निघाला होता. प्लायवुडच्या खोपट्यात एकेक कॉम्प्युटर, आणि एक पान उघडेपर्यंत वडापाव खाऊन व्हायचा. तिथं बसून मी अर्ज भरला. मार्कलिस्टा, पासपोर्ट, एक निबंध, सगळं जमलं. शेवटी लिहिलं होतं की तुमचं काम जवळून पाहिलेल्या एका डॉक्टरचं पत्र जोडा. त्यात मला काय अवघड? मी थेट मामांकडं.

मामांनी सलग दोन दुपारी डुलकी न घेता पत्र लिहिलं. पाकीट स्वतः चिकटवलं, वर शिक्का मारला आणि माझ्याकडं दिलं. मी ते न वाचता शिरूरहून रवाना केलं. मामांचं पत्र, त्यात काय वाचायचंय?

तीन आठवड्यांनी तिकडच्या ऑफिसातल्या बाईंचा ईमेल आला. फार गोड भाषा होती. तुमच्या मामांचं पत्र वाचून आम्हाला आनंद झाला, पण नातेवाइकाचं पत्र आम्ही धरत नाही. नात्यात नसलेल्या डॉक्टरचं पत्र दहा दिवसांत आलं नाही तर अर्ज पुढं जाणार नाही.

मी तशीच एसटीनं मांडवगणला आले आणि चपलांसकट दवाखान्यात शिरले.
"मामा, काय लिहिलंत तुम्ही?"
"खरं ते. पहिल्याच ओळीला लिहिलं, ही माझी भाची हाय."
"अहो, का?"
मामा चक्रावले. "का म्हंजी? परक्या पोरीची हमी कोण घेतं का? आपलं माणूस हाय म्हटल्यावर वजन पडतं."

आता याला काय म्हणावं? आमच्याकडं ओळखीशिवाय पान हलत नाही. बँकेत जा, कचेरीत जा, पहिला प्रश्न कुणाच्यातली? रांजणगावच्या कंपनीत आप्पांना चिकटवलं तेही आत्याच्या दिराच्या ओळखीनं. तिकडं नेमकं उलटं निघालं. घरी सांगितलं तर आप्पा सेकंड शिफ्टला निघता निघता थबकले. "म्हंजी जो आपल्याला वळखत न्हाई, त्यानं सांगायचं पोरगी चांगली हाय म्हणून? येडेच हायती की."

मी बाईंना उलट ईमेल केला की आमच्याकडं हेडमास्तर आबा असतात, पोस्टमन तात्या असतात, कंडक्टरसुद्धा मामा असतो, ते मनावर घेऊ नका. उत्तर आलं की समजलं, तर मग डॉक्टरांनी तसं लेखी द्यावं. एक वाक्य हवं होतं. मी अर्जदाराचा रक्तानं किंवा लग्नानं नातेवाईक नाही.

मी ते वाक्य वहीच्या कागदावर उतरवून मामांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावून वाचलं, कागद उलटा केला आणि पुढचा पेशंट बोलावला. मी दुसऱ्या दिवशी गेले, तेच. तिसऱ्या दिवशी माझा संयम सुटला. एवढा काय भाव खायचा? माझं सगळं आयुष्य या एका वाक्यावर अडलंय आणि हे खोकल्याच्या बाटल्या भरत बसलेत. मी म्हणाले, "मामा, खोटं थोडंच लिहायचंय? खरंच नाही ना आपलं नातं."

बोलले आणि जीभ चावली. मामांनी बाटलीचं बूच लावलं. शांतपणे म्हणाले, "व्हय, खरंच हाय ते. गावातली चार माणसं मला हेच सांगत आली, तू पाळण्यात होतीस तवापास्नं. तवा मी त्यांच्यापुढं कबूल केलं न्हाई. आन् आता शिक्का मारून देऊ व्हय?"

मी घरी येऊन आईपुढं रडले, आणि रडतारडता असंही म्हणाले की जाऊ दे, डी.एड. करते. आई भाकरी थापत होती. तिनं तवा उतरवला, हात धुतले, पदर खोचला आणि निघाली. मी मागं.

दवाखान्यात सात-आठ पेशंट होते. आईनं कुणाकडं बघितलं नाही. "दादा, कागद कुठाय?"
मामा म्हणाले, "मला जमत न्हाई बाई ते."
"का न्हाई जमत? हे नातं काय त्या विद्यापीठानं दिलंय व्हय, त्यांनी काढून घ्यायला? तुम्ही लावलं, मी लावलं. लिहा तुम्ही. पोरीला बॅटरी धरायला शिकवली ती डी.एड.साठी न्हवं."

मामांनी कागद पुढं ओढला. मग लिहायला लागले. मी शाळेत पास झाले, दवाखान्यात किती टाके बघितले, किती वेळा बेशुद्ध पडले, सगळं लिहिलं, आणि शेवटी ते एक वाक्य. त्या वाक्याला त्यांना अख्ख्या पत्राएवढा वेळ लागला. शिक्का वाकडा बसला, तो मामांचा कधी वाकडा बसत नसे. मी त्यांच्या पाया पडायला वाकले तर पाय मागं घेतले. "नगो. तिकडचा माणूस तपासायला आला तर?"

आणि तिथून त्यांनी जो छळ मांडला. पत्र तर कुरिअरनं वेळेत पोचलं, पण निकाल येईपर्यंत मामा मला ओळखच दाखवेनात. दवाखान्यात गेले की, "या, काय त्रास होतोय? नंबर घ्या." रांगेत बसायला लावायचे. आईनं पाठवलेल्या कालवणाचा डबा घ्यायचे, पण घेताना, "कुणी पाठवला म्हणायचा?" एकदा मला खरोखर सर्दी झाली होती, तर केसपेपरवर नाव, वय, गाव सगळं विचारून घेतलं. मी चिडायचे आणि पेशंट हसून लोळायचे. गावात ज्यांना आमचं नातं खुपायचं तेसुद्धा विचारायला लागले, "काय डॉक्टर, भाचीचं काय झालं?" मामा म्हणायचे, "कोण भाची?"

निकाल शिरूरच्या त्याच खोपट्यात कळला. ईमेल उघडला, दोनदा वाचला आणि शेजारच्या अनोळखी पोराला वाचायला लावला, कारण माझा माझ्यावर विश्वास बसेना. मांडवगणला उतरले ती पळतच दवाखान्यात. मामा एका म्हातारीचं बीपी बघत होते. मान वर न करता म्हणाले, "नंबर घ्या."
"मी तुमची भाची, आणि मला ॲडमिशन मिळाली."
बीपीचा पट्टा म्हातारीच्या दंडावर तसाच फुगलेला राहिला. मामांनी मला जवळ घेतलं, आणि म्हातारी म्हणाली, "आधी माझा हात सोडवा, मंग रडा."

सहा वर्षं मी तिकडं बर्फात शिकले. परत येऊन इथली परीक्षा दोन खेपांत पास झाले आणि दौंडच्या एका खासगी दवाखान्यात रुजू झाले. पहिल्याच वर्षी एका सकाळी मामांना जीपमधून आणलं. पोट दुखत होतं. अपेंडिक्स फुटायच्या बेतात होतं, लगेच ऑपरेशन करायला हवं होतं. त्यांचा मुलगा पुण्याहून निघाला होता, हडपसरला अडकला होता. सिस्टर संमतीचा फॉर्म घेऊन माझ्याकडं आल्या. म्हणाल्या, "मॅडम, नातेवाइकाचीच सही लागते. बाहेरच्याची चालत नाही."

मी फॉर्म घेतला आणि सही केली. खाली छापलेलं होतं, रुग्णाशी नातं. तिथं लिहायला लागले.

स्ट्रेचरवरून आवाज आला, कण्हतकण्हतच. "सिस्टर, तपासून घ्या. ही माझी कोण लागत न्हाई. सही-शिक्क्याचा कागद हाय माझा, परदेशात."
"गप पडा मामा," मी म्हणाले. माझे डोळे भरले होते आणि पेन नीट चालत नव्हतं.
"काय लिहिलंस?"
"भाची."
त्यांनी मान वळवून फॉर्मकडं बघितलं. मग म्हणाले, "डॉक्टरसारखं लिहू नगंस. अक्षर नीट काढ. कुणालाबी वाचता आलं पायजे."