शेपूट नको म्हणाले होते

दिगंबर मास्तरांची गोष्ट मी आजवर हजार वेळा सांगितली असेल. लग्नाच्या पंगतीत, बसच्या टपावर, एकदा तर दाढेत डॉक्टरचा चिमटा असताना. तुम्ही आमच्या भागातले असाल तर ऐकलीही असेल. मास्तर वर्गात म्हणाले, माणूस माकडासारख्या जनावरापासून झाला. तसा भिंतीवर टांगलेल्या तक्त्यावरचा मारुती भुभुःकार करत खाली उतरला, मास्तरांची टोपी उचलली आणि थेट भोकरदनच्या वेशीवर नेऊन टाकली. लोक हसून आडवे होतात.

खरी गोष्ट मात्र मी कुणालाही सांगितलेली नाही. बायकोलासुद्धा नाही. टोपीला काही झालं नव्हतं. टोपी शेवटपर्यंत मास्तरांच्या डोक्यावरच होती.

सांगतो. पण माझी खोड तुम्हाला ठाऊक आहे— मध्येच काही फुगायला लागलं तर मीच थांबेन.

पोलीस ॲक्शन होऊन, निजामाचं राज्य जाऊन पाचेक वर्षं झाली असतील. गावाचं नाव राहू द्या. हसनाबादहून सकाळी बैलगाडी जुंपली की न्याहारीला पोचावं, इतक्या अंतरावर. उर्दू शाळेची नुकतीच मराठी शाळा झाली होती आणि मी तिथं ड्रॉइंग मास्तर. माझ्या हाताची कीर्ती अशी की भिंतीवर ज्वारीचं कणीस काढलं तर चिमण्या चोची मोडून घेत— थांबा. असं काही नव्हतं. बरा काढायचो. दुकानाच्या पाट्या, तालमीतला मारुती. आणि देवळातल्या मारुतीला नवा शेंदूर चढला की त्याचे डोळे रंगवायचं काम माझ्याकडं असायचं. जालन्याहून आणलेली एक पांढरी डबी, एक काळी डबी. हे डोळे लक्षात ठेवा. पुढं लागतील.

खरी कीर्ती गोष्टींची. शाळा सुटली की पोरं लिंबाखाली मला घेरून बसायची. वाघाशी कुस्ती, विहिरीतलं सात मजली भूत, निजामाच्या हत्तीला मी शिकवलेली बाराखडी. पोरंच काय, त्यांचे बापही कुंपणापाशी रेंगाळायचे. मी त्या गावचा राजा होतो. हे वाढवून सांगत नाही.

मग दिगंबर मास्तर आले, शास्त्र शिकवायला. बारीक अंगाचा, हळू बोलणारा माणूस. नेमणूक हंगामी, एक तक्रार गेली की गठुडं बांधायचं, हे त्यांनाही माहीत होतं. शिकले होते हैदराबादला, उर्दूतून. उत्क्रांतीला आधी ‘इर्तिका’ म्हणायचे, मग जीभ चावून मराठी शब्द शोधायचे. शनिवारचा उपास करायचे आणि मारुतीला तेल घातल्याशिवाय शाळेत पाऊल टाकायचे नाहीत. मी तेव्हा सडाफटिंग. त्यांच्या घरून रोज माझ्या भाकरी यायच्या. वहिनी म्हणायच्या, “भाऊजी, चूल तर पेटलेलीच असती. दोन भाकरी जास्तीच्या टाकायला काय लागतं?” दीड वर्ष मी त्या भाकरी खाल्ल्या.

आता कसं सांगू— तुम्हाला वाटेल, एवढ्याशा गोष्टीवरून?

एके दिवशी लिंबाखाली मी एकटाच होतो. पोरं शास्त्राच्या वर्गातून उठायलाच तयार नव्हती. मी खिडकीशी गेलो. मास्तर सांगत होते, लाखो वर्षांपूर्वी पाण्यातले जीव हळूहळू जमिनीवर आले. त्यांच्या पोहायच्या परांचे पाय झाले. कुणाचे पंख झाले. आणि एक बिनशेपटीचं जनावर दोन पायांवर उभं राहायला शिकलं, त्याच्या दूरच्या वंशात आपण. पोरांची तोंडं उघडीच्या उघडी. एक पोरगी म्हणाली, “गुरुजी, हे खरं हाय का ड्रॉइंगच्या गुरुजींवाणी हाय?” सगळे हसले. मास्तर हसले नाहीत. म्हणाले, “त्यांच्या गोष्टी त्यांच्या जागी झकास हाईत. हे मात्र खरं हाय.”

त्यांनी माझी बाजूच घेतली होती. पण मला काय डसलं, माहीत आहे? माझ्या सगळ्या थापा एकावर एक रचल्या तरी त्यांच्या खऱ्याएवढ्या उंच होत नव्हत्या.

त्याच आठवड्यात त्यांनी मला तक्ता काढायला सांगितला. पाच आकृत्या, ओळीनं, वाकलेल्यापासून ताठ उभ्या माणसापर्यंत. नमुन्याला एक जुनं इंग्रजी पुस्तक दिलं आणि दोनदा बजावलं, “शेपूट नको बरं का. हे आपल्याकडचे वानर न्हाईत. लोकांचा गैरसमज व्हायचा.” मी म्हणालो, “बिलकुल नाही काढत.”

इथं मी स्वतःशी कितीतरी वर्षं खोटं बोललो. म्हणायचो, हाताला सवय मारुतीची. वानर काढायला बसलो आणि हात आपोआप वळला. हात कसा वळेल? समोर पुस्तक उघडं होतं. मी दुसरी आकृती काढली ती रुंद छातीची, फुगल्या गालांची, एक गुडघा वाकवलेली. आणि शेपूट काढलं— डोक्यावरून कमान करून आलेलं, टोकाला गोंडा. आमच्या तालमीच्या भिंतीवरचा मारुती जसाच्या तसा, फक्त गदा काढून घेतलेला. काढताना मी एकटाच हसत होतो.

शुक्रवार बाजाराचा दिवस. मास्तर कामासाठी भोकरदनला गेले होते. मी तक्ता वर्गात टांगला, रस्त्याकडची खिडकी उघडी ठेवली आणि चहाच्या हॉटेलात जाऊन सांगून आलो, दिगंबर मास्तरांनी शाळेत मारुती आणलाय, बघून या. मला वाटलं, दोन दिवस हसतील. मास्तरांची जरा फजिती होईल. पोरं लिंबाखाली परत येतील.

कुणी हसलं नाही. दुपारच्या बसनं मास्तर उतरले तेव्हा खिडकीशी पन्नास माणसं उभी होती. खरंच पन्नास, मी मोजली नाहीत पण कमी करूनच सांगतोय. मास्तर आत गेले, तक्ता उतरवला, गुंडाळला. मला एवढंच म्हणाले, “शेपूट नको म्हणलं होतं ना.”

शनिवारी सकाळी देवळात बैठक बसली. रंगनाथ पाटील शाळेच्या कमिटीवर होते. माणूस वाईट नव्हता. पोरं देव विसरतील, याची त्याला मनापासून भीती होती. तक्ता मारुतीसमोर अंथरलेला. पाटील म्हणाले, “का हो मास्तर, आमचा मारुती जनावर अन् तुम्ही माणूस? हेच शिकवून राह्यले का पोरांना?”

मास्तर म्हणाले, “पाटील, देवानं कसं केलं, एवढंच सांगतो मी. देवानं केलं न्हाई, असं कधी म्हणलो न्हाई.”

“मंग हे शेपूट?”

मास्तरांनी तक्त्यावरच्या शेपटाकडं बघितलं. माझ्याकडं बघितलंही नाही.

पाटील माझ्याकडं वळले. “ड्रॉइंग मास्तर, चित्र तुमच्या हातचं हाय. असं काढा म्हणून कोणी सांगितलं? मारुतीच्या पायाला हात लावून सांगा.”

आमच्याकडं या शपथेवर खुनाचे तंटे मिटलेत. पायाला हात लावून खोटं बोलेल असा माणूस त्या पंचक्रोशीत जन्मला नव्हता, असं लोक मानायचे. मी पुढं झालो. वर बघितलं. ते डोळे माझ्याकडं रोखलेले होते. आणि मला एकच आठवलं— पांढरी डबी, काळी डबी. हे डोळे तर मीच काढलेत. हे काय बघणार?

मी पायाला हात लावला आणि म्हणालो, “दिगंबर मास्तरांनी सांगितलं.”

मग पाटलांनी मास्तरांना सांगितलं, तुम्हीही हात लावा आणि खोटं असेल तर खोटं म्हणा. सगळं तिथंच मिटलं असतं. मास्तरांनी डोक्यावरची टोपी सारखी केली, मारुतीला हात जोडले आणि म्हणाले, “एवढ्याशा भांडणात मी त्याला मधी ओढणार न्हाई. तक्ता वर्गासाठी मीच काढायला सांगितला. माझा हाय.”

लोकांना वाटलं, पायाला हात लावायची हिंमत झाली नाही. म्हणजे चोर हाच. देवाला मानणारा माणूस त्या देवळात तो एकच होता आणि नास्तिक म्हणून तोच गावाबाहेर गेला.

वरून हुकूम आला, मास्तरांची नेमणूक संपली. मुख्याध्यापकांनी सांगितलं, शास्त्राच्या पुस्तकातला तो धडा चिकटवून टाका. कात्री, डिंक, खळ ही सगळी कामं माझ्याकडंच. मी कणकेची खळ शिजवली आणि शाळेतल्या एकेका पुस्तकाची ती पानं एकमेकांना चिकटवली. ती मघाची पोरगी चिकटलेलं पान उन्हाकडं धरून बघत होती. मला म्हणाली, “गुरुजी, आतमधी काय हाय?” मी म्हणालो, “काही न्हाई. कोरं हाय.” इतकी लहान थाप मी जन्मात मारली नव्हती.

मास्तरांची गाडी निघाली तेव्हा मी खोलीतच बसून होतो. दाराची कडी वाजली. उघडलं तर उंबऱ्यावर फडक्यात बांधलेल्या दोन भाकरी होत्या, वर लसणाची चटणी. वहिनी गाडीकडं परत निघाल्या होत्या. त्यांना मास्तरांनी सांगितलं नव्हतं? की सांगितलं होतं? मला आजही माहीत नाही.

त्यानंतर मी लिंबाखाली टोपीची गोष्ट सुरू केली. पोरं परत आली. पुढची कितीतरी वर्षं मारुतीचे डोळेही मीच रंगवत राहिलो. गावानं ते काम दुसऱ्या कुणाला दिलंच नाही. मास्तर पुढं कुठं गेले, त्यांना परत शाळा मिळाली का, याची मी कधी चौकशी केली नाही. करता आली असती.

शेपूट मी काढलं. नको म्हणाले असताना काढलं. पायाला हात लावून खोटं बोललो. मग दार लावून घेतलं आणि त्या भाकरी खाल्ल्या. गरम होत्या. दोन्ही खाल्ल्या.

यात मी काही वाढवलेलं नाही.